शेवटच्या नंबराची राखण

मी बारा जणांत बारावा आलो, तेही लागोपाठ दोन वर्षं, याचा मला जबरदस्त धक्का बसला. त्याहून मोठा धक्का बसला तो बाकी कुणालाच काही वाटलं नाही याचा. "कुणीतरी शेवटचं येणारच ना, एल्डन," माझी बायको डार्लीन म्हणाली आणि कपडे वाळवायला निघून गेली. जणू मी पावसाबद्दल बोलत होतो.

आमची लीग म्हणजे काय ते आधी सांगतो. दर मार्चमध्ये आमच्या कॉटरविल गावातली बारा शहाणीसुरती माणसं चर्चच्या तळघरात जमतात आणि मोठ्या लीगमधले खरेखुरे बेसबॉल खेळाडू आपापसांत वाटून घेतात. आपल्या वाटणीचा खेळाडू तिकडे शिकागोत चेंडू टोलवतो आणि गुण इकडे आपल्या नावावर चढतात. त्या खेळाडूला आपण जन्मात भेटलेलो नसतो, त्याला आपलं नावही ठाऊक नसतं, तरी तो बाद झाला की आपल्याला जेवण जात नाही. याला कुणी पोरखेळ म्हणेल. खुशाल म्हणू दे. मी एल्डन क्रुग, कौंटीच्या वजनमाप खात्यात इन्स्पेक्टर आहे. मला बघितलं की पेट्रोल पंपवाले टोपी काढतात. पोरखेळ कुठला आणि गंभीर बाब कुठली हे मला पक्कं कळतं.

लीगची सूत्रं पास्टर लिंडक्विस्ट यांच्या हातात. गुणांची बेरीज तेच करतात, भांडणं तेच सोडवतात, आणि लीगच्या घटनेत दुरुस्ती करायची तर आधी प्रार्थना होते. या घटनेतली दोन कलमं माझ्या मुळावर आली. एक, जो लागोपाठ तीन वर्षं शेवटचा येईल त्याने लीग सोडायची. बाहेर रांग लागलेली आहे, त्यातल्या पहिल्याला त्याची खुर्ची. दोन, दर सोमवारी संध्याकाळी पास्टर सगळ्यांना फोन करतात आणि विचारतात, कुणाच्याच संघात नसलेला एखादा खेळाडू घ्यायचाय का? यात पहिला फोन शेवटच्या नंबरवाल्याला. दुबळ्याला आधी वाढायचं, असं पास्टरांचं धोरण.

म्हणजे माझ्यापुढे प्रश्न सरळ होता. या वर्षी शेवटचा आलो की मी बाहेर. एकोणीस वर्षं मी त्या तळघरातल्या लोखंडी खुर्चीवर बसत आलो होतो. ऑफिसात मी कुणाच्या तरी हाताखालचा माणूस, घरी काय ते सांगायलाच नको. पण त्या खुर्चीवर बसून मी "हा माझा" म्हटलं की तो खेळाडू माझा व्हायचा. ती खुर्ची गेली तर मी काय करणार होतो? डार्लीनबरोबर रजया शिवायच्या?

तेव्हा मी विचार केला. दुर्लक्षित खेळाडू हुडकायला सगळे जण एकच बेसबॉलचं मासिक वाचतात. त्यामुळे मासिकात ज्याला दुर्लक्षित म्हटलंय त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष. खरा दुर्लक्षित खेळाडू आपल्याच गावात, खालच्या लीगच्या मैदानावर, अर्ध्या रिकाम्या बाकांसमोर खेळत असणार! तो उद्या वर मोठ्या लीगमध्ये गेला की पहिल्याच सोमवारी मी त्याला उचलायचा. आणि त्याची खरी पारख करायची तर त्याला घरीच ठेवून घ्यायला हवं. खालच्या लीगचे खेळाडू हंगामापुरते गावातल्याच कुणाच्या तरी घरी राहतात. आमच्याकडे मुलीची खोली रिकामी होती. हे सुचलं तेव्हा मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी स्वतःच स्वतःसाठी बेकरीतून ॲपल पाय आणून खाल्ला.

संघाच्या ऑफिसातली एक बाई घर तपासायला आली. आयुष्यभर मी दुसऱ्यांची तपासणी केली, त्यामुळे आपली तपासणी होताना काय वाटतं याची मला कल्पना नव्हती. तिने पलंगावर बसून उड्या मारल्या. फ्रिज उघडून वास घेतला. "घरात लग्नाची मुलगी?" तिने विचारलं.

"आहे, पण तिचं लग्न झालं. ऑरेगनला असते."

"मग ठीक," असं म्हणून तिने सुटकेचा नि:श्वास टाकला. मी अपमान गिळला आणि सांगितलं, की मला विशीतला, चपळ, भविष्य असलेला मुलगा पाहिजे.

एप्रिलमध्ये दार वाजलं. दारात एक टक्कल पडू लागलेला माणूस, एका हातात मासे पकडायचा गळ, दुसऱ्या हातात गुडघ्याला लावायचं मलम. मला वाटलं, मुलाला सोडायला वडील आलेत.

"मी वेड कोपेकी," तो म्हणाला. "पिचर. खालची पायरी वाकली आहे हो तुमची, माझा गुडघा लचकला."

हा गडी नऊ वर्षं खालच्या लीगमध्ये चेंडू फेकत होता. त्याचा चेंडू इतका सावकाश जायचा की समोरच्याला नाक शिंकरायला वेळ मिळायचा. हा दुर्लक्षित होता खरा. पण लोकांनी नीट लक्ष देऊनच त्याच्याकडे दुर्लक्ष केलं होतं. पहिल्या महिन्यात त्याचे चेंडू बदड बदड बदडले गेले. तो घरी येऊन मुकाट्याने जेवायचा, भांडी विसळायचा आणि डार्लीनला लोकर धरायला मदत करायचा. डार्लीनचा तर तो लाडकाच झाला. मी मात्र त्याच्याकडे बघून उसासे टाकत होतो.

मग मे महिन्यात तो दिवस उजाडला. मला सर्दी झाली म्हणून मी रजेवर होतो. दुपारी गरम पाण्याने आंघोळ करून बाथरोब अंगावर चढवून स्वयंपाकघरात आलो, तर शेजारचा ऑर्विल स्टॅम सिंकखाली आडवा. ऑर्विल रिटायर्ड पोस्टमन. जन्मभर दुसऱ्यांच्या दारापर्यंतच गेला, आत काय चाललंय ते कळलं नाही, त्याची भरपाई आता करत असतो.

"तुझा नळ गळतोय, एल्डन. रस्त्यावरून ऐकू येतं. हा कॉक बंद केला की—"

"ऑर्विल, तो नको, तो—"

त्याने पाना फिरवला. नेमका उलटा. पाण्याची धार सरळ माझ्या छातीवर. मी चर्चला जाणाऱ्या माणसाने उच्चारू नये असा एक शब्द उच्चारला. डार्लीन फडकं घेऊन धावली आणि तेवढ्यात ओव्हनमधलं ट्यूना-नूडल्सचं कॅसरोल करपलं. या सगळ्या धुमाकुळात कोपेकी टेबलाशी शांत बसून ती काळी खरपूड खात होता, कारण त्याला मैदानावर जायला उशीर होत होता.

त्या संध्याकाळी त्याने समोरच्या संघाला एकही धाव दिली नाही.

पिचरची पाळी पाचव्या दिवशी येते. पाचव्या दिवशी मी ऑफिसात होतो, तर डार्लीनचा फोन. "घरी ये. वेड म्हणतोय, सगळं तसंच व्हायला हवं."

"तसंच म्हणजे?"

"कॅसरोल करपायला ठेवलंय. ऑर्विल सिंकखाली जाऊन बसलाय. तुझा बाथरोब इस्त्री केलाय."

ज्यांना बेसबॉल माहीत नाही ते म्हणतील, हा काय वेडेपणा? माहीत आहे त्यांना सांगायची गरज नाही. जिंकत असलेला पिचर मोजे धूत नाही, दाढी करत नाही, मैदानावरची चुन्याची रेघ तुडवत नाही. हे नशीब नसतं, ही शिस्त असते. मी घरी गेलो. बाथरोब घातला. ऑर्विलने पाना फिरवला, मी भिजलो, तो शब्द उच्चारला. (पहिल्या वेळी तो मनापासून आला होता, आता घोकून म्हणावा लागत होता, तर कोपेकी म्हणाला, "जरा जोर कमी पडला, एल्डन." मग मी परत म्हटला.) त्या संध्याकाळी पुन्हा शून्य धावा. आता मात्र मला वाटायला लागलं, हा म्हातारा घोडा खरंच वर जाणार की काय!

संघ बाहेरगावी गेला की कोपेकी मोटेलमधून फोन करायचा आणि आम्ही फोनचा रिसीव्हर सिंकपाशी धरून त्याला पाण्याचा आवाज ऐकवायचो. ऑर्विलची तर छाती फुगली होती. "पान्यात आहे सगळं," तो गल्लीभर सांगत फिरायचा. "मनगट असं ठेवायचं." समोरच्या मिसेस डूली रोज येऊन सांगायच्या, की त्या दिवशी आपण खिडकीतून बघत होतो, तेव्हा आपल्यालाही धरा. डार्लीनला चर्चमधल्या बायका करपवण्याच्या युक्त्या विचारू लागल्या. ज्याच्या बाथरोबशिवाय यातलं काहीही झालं नसतं, त्या माझं मात्र नाव कुणी काढत नव्हतं.

आणि दर पाचव्या दिवशी दुपारी ऑफिसातून पळणं किती दिवस चालणार? एके दिवशी आमचे साहेब मिस्टर टॅकेट, मी आजारी आहे की सोंग करतोय ते बघायला थेट घरी आले. मागच्या दाराने आत पाऊल टाकलं आणि धार माझ्या खांद्यावरून जाऊन त्यांच्या टायवर. मी तो शब्द उच्चारलेला होताच. तोही त्यांच्या तोंडावर.

साहेब नखशिखान्त ओले. मी बाथरोबमध्ये. ऑर्विल सिंकखालून म्हणाला, "नमस्कार!" माझी वीस वर्षांची नोकरी मला डोळ्यांसमोर नाल्यातून वाहत जाताना दिसली.

कोपेकीने त्या रात्री असे काही चेंडू फेकले, की समोरचे खेळाडू बॅटी आपटत परत जात होते. सकाळी नाश्त्याला त्याने चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "एल्डन, ते टायवाले गृहस्थ परत येतील का हो?"

साहेबांना कोणत्या तोंडाने सांगायचं, की पाचव्या दिवशी भिजायला या? पण सांगितलं. साहेबांनी दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "क्रुग, तोच टाय लागेल का?"

हे सगळं चालू असताना मला दुसरी एक आघाडी सांभाळायची होती. कोपेकी वर गेला की त्याला उचलायचा पहिला हक्क माझाच हवा, म्हणजे तोपर्यंत मी शेवटचाच असायला हवा. एरवी मला हे सहज जमतं. पण या वर्षी वापरलेल्या गाड्या विकणारा मर्व्ह अकराव्या नंबरावर होता, आणि मर्व्ह इतका अडाणी खेळतो, की कधी माझ्या खाली घसरेल याचा नेम नाही. जूनमध्ये तो अगदी टेकलाच! मग मी हात प्लास्टरमध्ये असलेला पिचर संघात घेतला. पंचाला चावल्यामुळे बंदी आलेला एक जण घेतला. पास्टर लिंडक्विस्ट काळजीने घरी आले, माझा हात हातात घेऊन म्हणाले, "एल्डन, घरी सगळं ठीक आहे ना? तुम्ही सिनसिनाटीचा जो माणूस घेतलाय, तो बेसबॉल सोडून विमा विकतो."

"माझा त्याच्यावर विश्वास आहे, पास्टर," मी म्हणालो. त्यांचे डोळे पाणावले.

माझा हिशोब पक्का होता. मर्व्ह माझ्यापुढे जेमतेम चारपाच पावलं. ऑगस्टमध्ये कोपेकी हातात आला, की दोन आठवड्यांत मी वर आणि मर्व्ह खाली. खुर्ची वाचली.

आणि ऑगस्टमध्ये रविवारी सकाळी खरंच फोन आला. कोपेकी "हो सर, हो सर" म्हणत राहिला. मग फोन ठेवून जिन्याच्या पायरीवर बसला आणि तोंडावर हात घेऊन लहान मुलासारखा हमसून हमसून रडला. नऊ वर्षं! डार्लीन रडली. ऑर्विल पाना छातीशी धरून रडला. मीही रडलो, आणि खरं सांगतो, त्यातले निम्मे अश्रू खुर्चीसाठी होते. दुपारी तो गळ आणि मलम घेऊन गेला. मंगळवारी त्याचा मोठ्या लीगमधला पहिला सामना.

सोमवारी संध्याकाळी मी फोनपाशी खुर्ची ओढून बसलो. दाढी केली होती, टाय लावला होता. फोन वाजला. मी उचलला आणि म्हणालो, "कोपेकी!"

"हो, मीच," पलीकडून कोपेकीच म्हणाला. "तुम्हाला कसं कळलं?" हॉटेलातून बोलत होता. "एल्डन, एक विचारायचं होतं. तुमची ती चर्चची लीग. त्यात तुम्ही अजून शेवटचेच आहात ना?"

"आज रात्रीपर्यंत," मी अभिमानाने म्हणालो.

"तेच म्हणतोय मी." तो घुटमळला. "मे महिन्यात माझं सुरू झालं, तेव्हा तुम्ही शेवटचे होता. नंतर एक दिवसही तुम्ही वर गेला नाहीत. मी दर पाळीला डार्लीनला विचारून खात्री करून घ्यायचो. पाणी, कॅसरोल, साहेब, ते ठीक आहे हो. पण मूळ गोष्ट ती आहे. आता तुम्ही मला घेतलंत आणि वर चढलात तर... एल्डन, मला ही एकच संधी आहे. काही बदलू नका. पाया पडतो."

ज्याला मी वेचून काढला, पोसला, ज्याच्यासाठी साहेबांच्या देखत भिजलो, तोच मला सांगत होता की मला घेऊ नका!

फोन ठेवून वळलो, तर दारात डार्लीन हाताची घडी घालून उभी.

"तुला माहीत होतं?"

"मे महिन्यापासून."

"डार्लीन, मी लीगमधून बाहेर जाईन! कायमचा!"

"आणि तो परत खाली येईल. कायमचा." तिचा आवाज मऊ झाला. "नऊ वर्षं, एल्डन. त्याने काल तुझ्यासमोर रडून घेतलं. तुझी तर सगळी खोटी टीम आहे रे."

"खोटी नाही, काल्पनिक आहे!"

"मग तर सोपंच आहे," ती म्हणाली.

फोन परत वाजला. "शेवटचा म्हणून पहिला मान तुमचा, एल्डन," पास्टर उत्साहाने म्हणाले. "बोला, कोण हवाय? सगळ्या गावाला माहीत आहे म्हणा."

मी डार्लीनकडे पाहिलं. ती रडत नव्हती, रागावलीही नव्हती. नुसती उभी होती. मला त्या जिन्यावर बसलेल्या माणसाचं टक्कल दिसत होतं.

"मला कुणी नको, पास्टर."

पास्टरांनी माझ्याकडून तेच पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. मग ते पुटपुटले, "मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो," आणि त्यांनी मर्व्हला फोन लावला. मर्व्हने कोपेकीला घेतलं. मर्व्हने! ज्याला त्याचं पहिलं नावही माहीत नव्हतं!

मंगळवारी आम्ही सगळे जमलो. साहेब टाय लावून आले, मिसेस डूली खिडकीबाहेर उभ्या राहिल्या, मी भिजलो, आणि या वेळी तो शब्द पुन्हा मनापासून आला. टीव्हीवर कोपेकी गुडघा चोळत मैदानावर उतरला. त्याचे ते सावकाश चेंडू मोठमोठ्या फलंदाजांना कळेनात. एकेक जण हवेत बॅट फिरवून परत! सातव्या डावापर्यंत एकही धाव नाही. मी सोफ्यावर उभा राहून ओरडत होतो, ऑर्विलला मिठ्या मारत होतो. मध्येच आठवायचं, की हे सगळे गुण मर्व्हला. मी बसायचो. पुन्हा उठायचो. असं हंगाम संपेपर्यंत दर पाचव्या दिवशी चाललं. कोपेकी वर टिकला. मर्व्ह पाचवा आला. मी बारावा.

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी पास्टरांचा फोन आला. घटनेनुसार, खेदपूर्वक, एकोणीस वर्षांच्या सेवेबद्दल कृतज्ञतापूर्वक. मी मान ताठ ठेवून ऐकलं. कौंटीचा इन्स्पेक्टर फोनवर रडत नाही.

"आणि एल्डन," पास्टर म्हणाले, "डार्लीनला जरा देता का?"

बिचारे, तिचंही सांत्वन करणार. मी रिसीव्हर दिला.

"हो पास्टर," डार्लीन म्हणाली. "अय्या, खरंच? नाही, नाही, मी तयार आहे. आठ वर्षं झाली की नाव देऊन! मार्चमध्ये ना? चालेल. कॉफी एल्डन करेल."

तिने फोन ठेवला. आठ वर्षं! रांगेत पहिली! आणि ही बाई त्या दिवशी दारात हाताची घडी घालून मला माणुसकी शिकवत होती!

"डार्लीन," मी म्हणालो.

"काय? वेडसाठीच म्हणत होते मी," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावरून ते खरं आहे की नाही हे मला आजतागायत कळलेलं नाही. ती माझं मासिक काखेत मारून सोफ्यावर माझ्या जागेवर बसली, चष्मा लावला, दोन पानं उलटली आणि शेजारची उशी थोपटली.

"ये ना, बस. या सगळ्यांत कुणाचंच लक्ष गेलेलं नाही असा कोण आहे रे?"

मी तिला एक अक्षरही सांगणार नव्हतो. माणसाला काही स्वाभिमान असतो. मी पाठ फिरवून दारापर्यंत गेलो, तिथे थांबलो, परत आलो आणि उशीवर बसलो.

"ते पान नको," मी म्हणालो. "ते सगळेच वाचतात."